ती सुटून येते तेव्हा

सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या गेटवर जाताना एक रिकामी, चेन लागणारी साधी बॅग बरोबर घ्या. बाहेर येणाऱ्या बाईच्या हातात तिचं सगळं सामान बहुतेक वेळा एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत नाहीतर गाठोड्यात असतं. दोन-चार कपडे, औषधांची पुडी, पत्रं, कोर्टाचे कागद. ती पिशवी बघून बसमधल्या शेवटच्या माणसालाही कळतं की ही कुठून आली. गेटपासून जरा लांब जाऊन थांबायचं, बॅग तिच्या हातात द्यायची आणि सामान तिलाच भरू द्यायचं. मदत म्हणून आपण हात घालायचा नाही. इतकी वर्षं झडतीच्या नावाखाली तिच्या वस्तूंना दुसऱ्यांचेच हात लागलेले असतात.

मी हे काम चौदा वर्षं करते आहे. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही एखाद्या संस्थेत रुजू झालेल्या असाल, वकील असाल, किंवा तिच्या घरच्याच असाल, बहीण, नणंद, मोठी झालेली मुलगी. घरच्यांना तर कुणी काहीच शिकवत नाही आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो.

आत गेल्यावर बाईचं ठरवणं बंद पडतं. कधी उठायचं, कुणाच्या शेजारी झोपायचं, मुलाला कधी भेटायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. बाहेर आल्यावर आपण मायेपोटी तेच चालू ठेवतो. घर आपण शोधतो, नोकरी आपण लावतो, डॉक्टर आपण ठरवतो. मग एके दिवशी ती न सांगता निघून जाते आणि आपण म्हणतो, एवढं केलं तरी राहिली नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: ठरवायचं तिनं.

तीन महिने आधी

काम गेटवर सुरू होत नाही. सुटकेची तारीख ठाऊक असेल तर निदान तीन महिने आधी भेटीला जायला लागा. तुरुंगाच्या कार्यालयात कुणी म्हणालं की सुटल्यानंतरचं आम्ही बघत नाही, तर शांतपणे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांचा हवाला द्या. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, २०१५ साली स्वीकारलेल्या मंडेला नियमांमधला १०७वा नियम सांगतो की सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. १०८वा आणखी नेमका आहे. सुटणाऱ्या माणसाकडे ओळखीची कागदपत्रं असावीत, राहायला जागा आणि करायला काम असावं, हवामानाला साजेसे कपडे असावेत आणि मुक्कामी पोचण्यापुरते पैसे असावेत. खास बायकांसाठी २०१० साली बँकॉक नियम आले. त्यातला ४७वा नियम सुटकेनंतर मानसिक, वैद्यकीय, कायदेशीर आणि व्यवहारातली मदत मिळावी असं म्हणतो. हे नियम म्हणजे कायदा नव्हे, पण अर्जात आकड्यानिशी लिहिले की टेबलापलीकडचा माणूस निदान अर्ज वाचतो, हा माझा अनुभव आहे.

या भेटींमध्ये मी पहिल्यांदा विचारते, ‘पहिल्या रात्री कुठे झोपणार?’ बहुतेक जणी म्हणतात, ‘घरी.’ मग विचारायचं, त्या घरी आता कोण राहतं, शेवटचं बोलणं कधी झालं, दार कोण उघडेल? जगातल्या एकूण कैद्यांमध्ये बायका साधारण सात टक्के. आकडा लहान वाटतो, पण त्या सात लाखांहून जास्त आहेत. प्रमाण कमी म्हणून बायकांचे तुरुंगही कमी, म्हणून ती घरापासून लांब ठेवली जाते, म्हणून भेटीला येणारे हळूहळू थांबतात. तिच्या डोक्यातलं घर कित्येकदा चार वर्षांपूर्वीचं असतं. तिच्या परवानगीनं आधी जाऊन बघून या, आणि जे दिसेल ते तिला खरं सांगा. गेटवर कळण्यापेक्षा आत, मैत्रिणी आजूबाजूला असताना कळलेलं बरं.

वकिलाकडून एक गोष्ट पक्की करून घ्या. तिच्यावर दुसरी एखादी केस, वॉरंट किंवा न भरलेला दंड शिल्लक आहे का? गेटबाहेर पाऊल टाकलं आणि दुसऱ्या केसमध्ये तिथूनच पुन्हा नेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिची बहीण रिक्षात बसून वाट बघत होती.

औषधं चालू असतील तर चिठ्ठी आणि निदान दोन आठवड्यांचा साठा हातात हवा. चष्मा, दात हेही आधीच विचारा, कारण बाहेर आल्यावर ती स्वतःसाठी काही मागणार नाही. सुटका आठवड्याच्या शेवटी होते आहे का तेही पाहा. शुक्रवारी दुपारी सुटलेल्या माणसाला सोमवारपर्यंत एकही कार्यालय उघडं सापडत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये याचसाठी २०२३ साली कायदा करून अशा लोकांना एक-दोन दिवस आधी सोडण्याची सोय केली. तुमच्याकडे अशी सोय नसेल, तर निदान त्या दोन दिवसांची जबाबदारी कुणाची हे आधी ठरवून ठेवा.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

गेटवर एकटीनं किंवा फार तर दोघींनी जा. फोटो नको, हार नको, भाषण नको. आधी पाणी द्या आणि विचारा, ‘आधी कुठे जाऊया?’ उत्तर यायला वेळ लागेल. तो लागू द्या. एकीनं मला वीस मिनिटांनी सांगितलं होतं की तिला आधी लांबवर दिसेल अशा ठिकाणी जायचं आहे. वर्षानुवर्षं भिंतीच्या आत राहिलेल्या डोळ्यांना दूरचं बघायची सवय राहत नाही, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आम्ही एका पुलावर जाऊन उभ्या राहिलो, बराच वेळ. नोकरीविषयी काही बोललो नाही.

त्याच कारणानं रस्ता ओलांडताना शेजारी राहा. गाड्यांच्या वेगाचा अंदाज चुकतो. हात धरायचा नाही, पण गाडीच्या बाजूनं आपण चालायचं.

रात्री खोलीत लहान दिवा चालू ठेवा, किंवा त्याचं बटण कुठे आहे ते दाखवून ठेवा. बऱ्याच तुरुंगांत रात्रभर दिवे जळतात. त्यानंतर पूर्ण अंधारात झोप येत नाही, छातीत धडधडतं, आणि ती ते कुणाला सांगत नाही. शांततेचंही तसंच. चाळीस जणींच्या बरॅकमध्ये झोपलेली बाई एकटीच्या खोलीत रात्रभर जागी राहते. शक्य असेल तर पहिले काही दिवस शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं आणि मधलं दार उघडं.

ती पहाटे उठून, अंथरूण घडी करून, दाराजवळ उभी राहील. तुरुंगात रोज होणाऱ्या कैद्यांच्या मोजणीची सवय असते ती. न्हाणीघरात जाण्याआधी विचारेल, ‘जाऊ का?’ तेव्हा हसू नका, डोळ्यांत पाणीही आणू नका. ‘हो, इथे विचारायची गरज नाही’ एवढं सहज म्हणा आणि आपल्या कामाला लागा. चावी पहिल्याच दिवशी तिच्या हातात द्या. किल्लीच्या जुडग्यातली एक काढून नव्हे, तिची वेगळी, तिच्या नावाची.

पहिले पंधरा दिवस

हा काळ सगळ्यात नाजूक. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून जास्त सुटलेल्या माणसांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या जवळपास तेरा पट निघाला. सगळ्यात मोठं कारण होतं अंमली पदार्थांचा जास्त झालेला डोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो आणि तेच जिवावर बेततं. तुमच्या समोरच्या बाईला नशेचा इतिहास असेल, तर हे तिला सरळ, न लाजता, सुटकेच्या आधीच सांगा. ‘आता पुन्हा घेऊ नकोस’ एवढं सांगून भागत नाही. ‘पूर्वी जेवढं पचत होतं तेवढ्यानं आता जीव जाईल’ असं सांगा. आणि तरीही घेतलंच, तर एकटीनं नको आणि दवाखान्यात न्यायला उशीर नको, हेही. काही जणांना वाटतं की असं सांगणं म्हणजे परवानगी देणं. मला तसं वाटत नाही. ती जिवंत राहिली तरच पुढचं सगळं.

या दिवसांत भरगच्च बेत करू नका. दिवसाला एक काम पुरे. आज ओळखपत्राचा अर्ज, उद्या डॉक्टर, परवा काही नाही. फोन घेऊन दिला तर तिच्या नावावर, तिच्या पासवर्डनं, आणि तो पासवर्ड आपल्याला माहीत नको. ओटीपी म्हणजे काय, तो कुणालाच का सांगायचा नाही, हे बसून शिकवा. पाच-सहा वर्षं आत असलेल्या बाईला हे सगळं नवं असतं आणि फसवणारे अशीच माणसं शोधत असतात. पोलीस ठाण्यात किंवा प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजेरी असेल, तर त्या तारखा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. एक हजेरी चुकली म्हणून परत आत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. गुन्हा कुठलाच नव्हता, दिवस चुकला होता.

माझ्या हातून झालेलं

कामाच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाईला सुटल्यापासून चौथ्या दिवशी लाँड्रीत कामाला लावलं. मालक भला, पगार वेळेवर, जवळच राहायची खोली. मला फार समाधान वाटलं होतं. सहाव्या दिवशी ती गेली. खोलीत चादर नीट घडी करून ठेवलेली, चावी त्यावर.

वर्षभरानं ती दुसऱ्या एका कार्यक्रमात दिसली. मी विचारलं, काय चुकलं होतं? ती म्हणाली, ‘ताई, आत मी साडेतीन वर्षं कपडेच धुतले. तुम्ही विचारलंच नाहीत.’

तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं, कामाचा अनुभव: धुलाई विभाग. मी ते तिची पात्रता म्हणून वाचलं होतं.

त्यानंतर मी नोकरीचं बोलणं साधारण तीन आठवडे काढत नाही. तिनंच काढलं तर गोष्ट वेगळी. आणि दोन प्रश्न नेहमी विचारते. आत काय केलंस, आणि त्यातलं काय पुन्हा करायची तुझी इच्छा नाही? दुसऱ्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं. आवडतं काय ते सांगायला महिने जातात.

मुलं

पुरुष तुरुंगात गेला की मुलं बहुतेक वेळा आईजवळ असतात. आई गेली की ती विखुरतात, एक आजीकडे, एक मावशीकडे, एखादं बालगृहात. भारतात मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. सहा पूर्ण झाली की बाहेर जातं. म्हणजे काही मुलांना आईबरोबरची बरॅकच आठवत असते, आणि काहींना आईच आठवत नसते. दोघांशी वेगळं वागावं लागतं.

बाहेर येणारी प्रत्येक आई म्हणते, ‘मला आधी पोरांना न्यायचंय.’ तिला नाही म्हणू नका. पण आधी, मुलाला सांभाळणाऱ्या बाईकडे जाऊन दोन गोष्टी विचारून या. मुलाला आईबद्दल काय सांगितलं आहे, आणि ते आई कुणाला म्हणतं? ‘आई लांब कामाला गेली’, ‘आई आजारी आहे’ इथपासून ‘आई देवाघरी गेली’ इथपर्यंत सगळं मी ऐकलं आहे. गेलेली आई अचानक दारात उभी राहिली तर मुलाचं काय होईल? म्हणून आधी सांभाळणारीनंच मुलाला खरं सांगावं, आई येण्याच्या काही दिवस आधी, थोडक्यात. आम्ही साधारण असं सांगायला सुचवतो: ‘तुझ्या आईवर केस झाली होती. म्हणून तिला अशा ठिकाणी राहावं लागलं जिथून घरी येता येत नाही. ते आता संपलं. तुझ्यामुळे काहीही झालं नव्हतं.’ शेवटचं वाक्य कधीही गाळायचं नाही. लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात.

पहिली भेट तासाभराचीच ठेवा, मोकळ्या जागेत, सांभाळणारी बाई जवळपास असू द्या. आईला एवढंच सांगा की ‘मला ओळखलंस का?’ असं विचारायचं नाही, आणि मुलानं मावशीला आई म्हटलं तर चेहरा पडू द्यायचा नाही. हे फार कठीण असतं. आधी माझ्यासमोर बोलून सराव करतात काही जणी.

एका भेटीत मी बाकाच्या टोकाला बसले होते. मुलगी नऊ वर्षांची. अर्धा तास दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. मग मुलीच्या बुटाची लेस सुटली. आई झटकन खाली वाकली, पण लेस हातात धरली आणि बोटं अडखळली. आत लेस, नाडी असलं काही ठेवू देत नसत. मुलगी म्हणाली, ‘मला येतं बांधायला.’ पाय मागे घेतला आणि स्वतः बांधली. आईला ते लागलं, मला दिसलं. पण ती उठली नाही. तिथेच खाली बसून म्हणाली, ‘परत एकदा दाखव ना, कशी बांधतेस.’ मुलीनं लेस सोडली, पुन्हा बांधली, आणि दुसऱ्या पायाची आईला बांधायला दिली.

मुलं लगेच आईच्या ताब्यात देण्याची घाई करू नका, आणि सांभाळणाऱ्या बाईला बाजूला सारू नका. तिनं ते मूल वाढवलं आहे. दोघींनी मिळून आठवड्याचे दिवस ठरवावेत. कागदोपत्री ताबा दुसऱ्याकडे असेल तर वकील गाठा, आपल्या मनानं मूल उचलून आणू नका. चांगल्या हेतूनं केलेल्या त्या एका चुकीवर नवी केस होऊ शकते.

माणसं, पैसे, काम

पहिल्या महिन्यात जुना फोन येतो. नवरा, मित्र, किंवा ज्याच्यापायी ती आत गेली तोच. तुम्ही ‘उचलू नकोस’ असं फर्मान काढलंत तर ती तुमच्यापासून लपवून उचलेल. त्यापेक्षा विचारा, तो काय म्हणाला, आणि तुला काय हवंय? मारहाणीचा इतिहास असेल तर राहण्याची जागा त्याला कळू नये याची खबरदारी घ्या, पत्ता कुठल्याही फॉर्मवर सहज जाऊ देऊ नका. इंग्लंडमध्ये, तुरुंगात जाणाऱ्या बायकांविषयीच्या २००७च्या कॉर्स्टन अहवालानंतर सुटलेल्या बायकांसाठीच्या कामात राहणं, काम, आरोग्य, कर्ज वगैरे मदतीच्या सात वाटांना आणखी दोन जोडल्या गेल्या. एक, मारहाण आणि अत्याचार सोसलेल्यांसाठी. दुसरी, देहविक्रीत अडकलेल्यांसाठी. पुरुषांसाठी आखलेल्या यादीत या दोन सुटल्याच होत्या.

पहिला पगार तिच्याच नावाच्या खात्यात. आपण स्वतःच्या खिशातून उसने देऊ नयेत, हे मी ठामपणे सांगते. एकदा आपण सावकार झालो की ती आपल्याला टाळायला लागते, नेमकी तिला सगळ्यात गरज असते तेव्हा.

कामासाठी मुलाखतीला जाताना मधली वर्षं कशी सांगायची, याचा मोठ्यानं सराव करून घ्या. तीन वाक्यं पुरतात. ‘त्या काळात मी एका केसमुळे तुरुंगात होते. शिक्षा पूर्ण झाली आहे. तिथे दोन वर्षं शिवणविभागात होते, आता मला हे काम करायचं आहे.’ मग थांबायचं. चौथं वाक्य आलं की रडणं किंवा सफाई देणं सुरू होतं. ती निर्दोष सुटली असेल तर तेही असंच एका वाक्यात, आवाज न चढवता. खोटं सांगायला शिकवू नका, पण न विचारलेलं सगळं सांगत बसायचीही गरज नाही. काय सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे ते वकिलाला विचारून घ्या. अमेरिकेत हवाई राज्यानं १९९८ साली नोकरीच्या अर्जावरच ‘पूर्वी गुन्हा सिद्ध झाला आहे का’ अशी चौकट ठेवायला मालकांना मनाई केली, नंतर अनेक राज्यांनी तेच केलं. आधी माणूस भेटू दे, मग कागद, एवढाच त्यामागचा विचार. मालकांशी बोलताना मी हीच विनंती करते: अर्ज बाजूला ठेवा, दहा मिनिटं भेटा.

बरोबर कोण असावं

आधी आत जाऊन आलेली बाई. माझ्यापेक्षा तिचं एक वाक्य जास्त उपयोगी पडतं. लॉस एंजेलिसमध्ये सुझन बर्टन यांनी स्वतः अनेकदा तुरुंगात जाऊन आल्यावर १९९८ साली सुटलेल्या बायकांसाठी घर सुरू केलं, आणि त्या बसथांब्यावर जाऊन उतरणाऱ्या बायकांना घेऊन येत. आमच्याकडेही आता गेटवर जाणाऱ्या दोघींमधली एक आत राहून आलेली असते. तिला मानधन द्या. अनुभव फुकट वापरायची गोष्ट नाही.

गुन्हा काय होता ते विचारू नका. गरज पडेल तेवढं वकिलाला माहीत असतं. ती आपणहून सांगेल तेव्हा ऐका, आणि ऐकलेलं चहूकडे करू नका.

आणि ती परत आत गेली तर? काही जणी जातात. तेव्हा पहिल्या आठवड्यात भेटीला जा. बोलायला काही नसलं तरी जा. ‘असं का केलंस’ हे पहिल्या भेटीत नको. साबण, पत्ता लिहिलेलं पाकीट, मुलाची खुशाली, एवढं घेऊन जा.

वर्षभरानं फोन कमी होतात. होऊ द्या. देणगीदारांसमोर उभं राहून ‘माझी कहाणी’ सांगायला तिला बोलावू नका. ती नाही म्हणू शकत नाही, आणि तुम्हाला वाटतं ती राजी आहे. आपला नंबर मात्र बदलू नका. आणि रस्त्यात भेटली तर आपण आधी हाक मारायची नाही. ओळख दाखवायची की नाही, तिनं ठरवायचं.

मागच्या महिन्यात बसमध्ये एक जण दिसली, समोरच्याच बाकावर. शेजारी कामावरच्या दोघी असाव्यात, तिघींच्या गळ्यात सारखीच ओळखपत्रं होती. तिनं मला पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं सुट्टी कुणी कधी घ्यायची यावर काहीतरी चाललं होतं, ती जोरात भांडत होती की या वेळी दिवाळीची माझी पाळी. तिसऱ्या थांब्यावर तिघी उतरल्या, भांडतच.